बी२७, टीएनएफ आणि सुप्त क्षय : तासगाव तालुक्यातील एका रुग्णाचे प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण २९ वर्षांचा, तासगाव तालुक्यातील द्राक्षबागायतदार. ओळख पटू नये म्हणून गाव आणि घरातील काही तपशील बदलले आहेत. आजाराचा आणि निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. उपचार मिरजेतील एका संधिवाततज्ज्ञांकडे झाले. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्ण आणि नातेवाइकांशी सविस्तर बोलण्याचे, म्हणजेच समुपदेशनाचे, काम प्रस्तुत लेखकाकडे होते.

रुग्णाची कंबर तेविसाव्या वर्षापासून दुखत होती. उसण भरली असेल म्हणून घरच्यांनी आधी शेकले, चोळले. नंतर एका अस्थिरोगतज्ज्ञांनी एमआरआय काढून गादी किंचित सरकल्याचे सांगितले आणि वाकू नका, वजन उचलू नका, पट्टा बांधा, जास्तीत जास्त पडून राहा, अशा सूचना दिल्या. त्याने त्या निमूटपणे पाळल्या आणि दुखणे वाढत गेले. पहाटे तीन-चारच्या सुमारास पाठीच्या कळेने जाग येई. उठताना तो आधी कुशीवर वळे, पलंगाच्या कडेला हात टेकून पाय खाली सोडी आणि दाराची चौकट धरूनच उभा राही. गोठ्यापर्यंत दोन-तीन फेऱ्या मारल्या की पाठ हळूहळू मोकळी होई आणि दहाच्या पुढे तो बऱ्यापैकी माणसात येई. विश्रांतीने वाढणारे आणि हालचालीने कमी होणारे असे हे दुखणे गादीच्या दुखण्याच्या नेमके उलटे वागते. तरीही ‘सकाळी किती वेळ पाठ आखडलेली असते’ हा साधा प्रश्न त्याला कित्येक वर्षे कोणी विचारला नव्हता. पुढे मानही धरू लागली. द्राक्षाच्या मंडपाखाली विरळणी करताना दिवसभर मान वर करून घडांकडे पाहावे लागते. ते जमेना, तेव्हा त्याने ते काम मजुरांवर सोडून ट्रॅक्टरवरची फवारणी स्वतःकडे घेतली.

दुसऱ्या एका डॉक्टरांनी काढलेल्या एमआरआयमध्ये उजव्या बाजूला, माकडहाडाच्या वरचे त्रिकास्थी आणि खुब्याचे हाड जिथे जुळते त्या सांध्यात सूज दिसली. आपल्याकडे मणक्याचा आणि सांध्यांचा क्षय दुर्मीळ नाही, त्यातून एकाच बाजूची सूज आणि घरात क्षयाचा पूर्वेतिहास, त्यामुळे संशय क्षयावर जाणे स्वाभाविक होते. नमुना न घेताच क्षयाची औषधे, म्हणजे रुग्णांच्या बोलीतली ‘एकेटी’, सुरू झाली. दोन महिन्यांत पाठीला काडीचाही फरक पडला नाही, उलट्या मात्र सुरू झाल्या, आणि रुग्णाने ती परस्पर बंद केली.

निदानाकडे वाट वळली ती डोळ्यामुळे. एके दिवशी डावा डोळा लालभडक झाला आणि उजेड सहन होईना. नेत्रतज्ज्ञांनी युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराची सूज, असल्याचे ओळखले आणि औषधाचे थेंब देता देता पाठीबद्दल विचारले. तिथून तो मिरजेला आला. नव्या एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंचे सांधे सुजलेले होते, रक्तातील सीआरपी, म्हणजे शरीरातील सूज दाखवणारे द्रव्य, वाढलेले होते आणि एचएलए-बी२७ (थोडक्यात बी२७) या जनुकाची चाचणी पॉझिटिव्ह आली. निदान झाले अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. या आजारात शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पाठीच्या सांध्यांवर आणि अस्थिबंधांवर उठते आणि वेळीच आवरली नाही तर कणा एकसंध होत जातो.

समस्या

दोन वेगवेगळ्या वेदनाशामक औषधांचा पुरेशा मात्रेत प्रयत्न झाला, व्यायामही शिकवला गेला, तरी सकाळचे आखडणे दोन तासांच्या खाली येईना. पुढची पायरी जैविक इंजेक्शनांची होती आणि तज्ज्ञांनी सूज पेटती ठेवणाऱ्या टीएनएफ या द्रव्याला रोखणारे औषध सुचवले. रुग्ण विचार करून सांगतो म्हणाला आणि जवळजवळ चार महिने फिरकला नाही.

तो परत आला तेव्हा सोबत वडील, थोरले चुलते आणि बायोटेक्नॉलॉजीचे शिक्षण घेणारा चुलतभाऊ असे तिघे होते. बी२७ चा अहवाल रुग्णाच्या फोनवर आला होता आणि तो चुलतभावाने वाचला होता. त्यावरून शोध घेताना त्याला युरोपातील चौदाव्या शतकाच्या महाप्लेगवरचे लेखन सापडले. त्यात म्हटले होते की त्या साथीतून वाचलेल्यांच्या जनुकांमुळेच आज स्वयंप्रतिकार आजार होतात. घरात आधीपासून एक गोष्ट सांगितली जात होती की, प्लेगच्या साथीत सारा गाव माळावर झोपड्या घालून राहिला, पण या भावकीतले कोणी दगावले नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींना चपखल बसल्या. चुलते स्वतः पन्नाशीपासून कमरेत वाकलेले, समोरच्याकडे पाहायचे तर सगळे अंग वळवणारे. ते म्हणाले, “ही पाठ आमच्या घराण्यातच हाय, पण पलेगात आमच्यातलं एक माणूस गेलं न्हाई. मग ती ढाल मोडायचं औषध कशाला घ्यायचं, सांगा की.”

या प्रश्नाला हसून उत्तर देणे सोपे होते, पण ते योग्य ठरले नसते. त्यात तथ्याचा अंश होता, आणि भीती चुकीच्या जागी असली तरी भीतीचा प्रकार बरोबर होता. या औषधाने शरीराचा एक बंदोबस्त खरोखरच ढिला पडतो. तो कोणत्या जंतूविरुद्धचा, एवढेच कुटुंबाने चुकीचे धरले होते. शिवाय आणखी एक प्रश्न वडिलांनी शेवटपर्यंत राखून ठेवला होता. धाकट्या मुलीसाठी स्थळे पाहणे चालू होते. तिची चाचणी करायची का, आणि केली तर ती गोष्ट स्थळाला सांगावी लागेल का?

जनुकांबद्दल जे ठाऊक आहे

बी२७ आणि या आजाराचे नाते १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजलिस येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये बी२७ सापडते. उलट बी२७ असलेल्या शंभर माणसांपैकी हा आजार होणारे साधारण पाच किंवा त्याहूनही कमी असतात. जवळच्या नातेवाइकाला आजार असेल आणि स्वतःत बी२७ असेल तर ही शक्यता वाढून साधारण दहा ते वीस टक्क्यांवर जाते. म्हणजे तेव्हाही बहुतेक जण निरोगीच राहतात.

बी२७ हा ज्याचा एक प्रकार आहे त्या एचएलए-बी रेणूचे काम पेशीच्या आत चाललेल्या घडामोडींचे तुकडे पृष्ठभागावर आणून मारक टी-पेशींना दाखवणे हे आहे. विषाणू आत शिरलेला असेल तर त्याच्या प्रथिनाचे तुकडे दिसतात आणि ती पेशी नष्ट केली जाते. प्रत्येक प्रकारचा एचएलए रेणू ठरावीक घडणीचे तुकडेच धरू शकतो. बी२७ ला दुसऱ्या जागी आर्जिनीन हे अमिनो आम्ल असलेले तुकडे विशेष मानवतात. एचआयव्हीच्या गॅग प्रथिनात असा एक तुकडा आहे आणि विषाणूच्या कवचासाठी तो इतका मोक्याचा आहे की, तिथला आर्जिनीन बदलून टी-पेशींना चकवायचे ठरवले तर विषाणूची स्वतःचीच वाढ खुंटते. आणखी एखादा बदल करून ती उणीव भरून काढल्याशिवाय त्याला निसटता येत नाही. म्हणूनच बी२७ असलेल्या एचआयव्हीबाधितांमध्ये आजार संथपणे पुढे सरकतो. हिपॅटायटिस सीबाबतही असेच दिसले. आयर्लंडमध्ये १९७७-७८ च्या सुमारास दूषित अँटी-डी इंजेक्शनातून अनेक स्त्रियांना एकाच उगमाच्या विषाणूची बाधा झाली होती. पुढे त्यांचा अभ्यास झाला, तेव्हा विषाणू आपोआप नाहीसा झालेल्यांमध्ये बी२७ चे प्रमाण अधिक आढळले.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण या विषयावरचे लोकप्रिय लेखन याच ठिकाणी घसरते. एचआयव्ही माणसात पसरू लागला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, आणि बी२७ त्याच्या हजारो वर्षे आधीपासून माणसांत आहे. तेव्हा एचआयव्हीपासून वाचवण्यासाठी निसर्गाने बी२७ राखले, असे म्हणता येत नाही. एखाद्या जनुकाचा आज दिसणारा फायदा आणि ते पिढ्यान्पिढ्या टिकून राहण्यामागचे कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चुलतभावाने वाचलेले संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. लंडन आणि डेन्मार्कमधील जुन्या दफनभूमींतील सांगाड्यांच्या डीएनएवरून संशोधकांनी असे मांडले की ईरॅप२ या जनुकाचे एक रूप महाप्लेगनंतर वाढले आणि तेच रूप क्रोन्स या आतड्याच्या स्वयंप्रतिकार आजाराचा धोका थोडा वाढवते. त्यानंतर इतर संशोधकांनी त्याच माहितीची फेरतपासणी करून या निष्कर्षावर गंभीर शंका घेतल्या. मुलगा अगदीच भरकटला नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. ईरॅप गटातील विकरे प्रथिनांचे तुकडे कातरून एचएलए रेणूंच्या हवाली करतात, आणि याच गटातील ईरॅप१ चा बी२७ असलेल्यांच्या पाठीच्या आजाराशी संबंध पक्का झालेला आहे. पण ईरॅप२ म्हणजे बी२७ नव्हे आणि क्रोन्स म्हणजे पाठीचा हा आजार नव्हे. मुंबईत १८९६ मध्ये सुरू होऊन दख्खनभर पसरलेल्या प्लेगमधून एखादी भावकी वाचण्याची तर कितीतरी साधी कारणे संभवतात. माळावर राहायला जाणे, म्हणजे उंदीर आणि पिसवांपासून दूर जाणे, हेच त्यांतले पहिले.

जनुकीय देवघेवीची याहून भक्कम उदाहरणे आहेत आणि त्या बैठकीत ती सांगितली गेली. सार्डिनिया बेटावर मलेरियाने शतकानुशतके ठाण मांडले होते. तिथे बी-पेशींना बळ देणाऱ्या बॅफ या द्रव्याचे प्रमाण वाढवणारे एक जनुकरूप बरेच आढळते आणि ते मल्टिपल स्क्लेरोसिस व ल्युपस या स्वयंप्रतिकार आजारांचा धोका वाढवते. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध करणाऱ्या संशोधकांनी ते टिकण्यामागे मलेरियाचे कारण सुचवले. एफसीजीआर२बी या जनुकाचे एक रूप आफ्रिका आणि आग्नेय आशियात अधिक सापडते; ते ल्युपसकडे झुकवते आणि मलेरियाविरुद्ध उपयोगी पडते.

या रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण मात्र टायके२ चे होते, आणि ते उलट्या दिशेने जाणारे आहे. पी११०४ए हे त्या जनुकाचे रूप सोरायसिस, संधिवाताभ, ल्युपस अशा अनेक स्वयंप्रतिकार आजारांपासून वाचवते. पण आई आणि वडील या दोघांकडूनही तेच रूप मिळालेल्या माणसाला क्षयाचा धोका वाढतो, कारण इंटरल्यूकिन-२३ या संदेशवाहक द्रव्याचा निरोप त्याच्या पेशींत नीट पोहोचत नाही आणि क्षयजंतूंविरुद्ध लागणारे इंटरफेरॉन-गॅमा कमी तयार होते. युरोपातील हजारभर प्राचीन डीएनए नमुन्यांवर २०२१ मध्ये झालेल्या अभ्यासात हे रूप गेल्या दोन हजार वर्षांत झपाट्याने घटलेले दिसले आणि संशोधकांनी त्याचा संबंध क्षयाशी लावला. रुग्णाच्या रक्तात हे रूप शोधण्याचे काही कारण नव्हते. उदाहरण सांगितले ते एवढ्यासाठी की, प्रतिकारयंत्रणेचा जो धागा सैल सोडल्याने सांधे वाचतात, तोच धागा क्षयाला अडवत असू शकतो, हे त्यातून स्पष्ट व्हावे. टीएनएफ हा असाच दुसरा धागा आहे. फुप्फुसात शिरलेल्या क्षयजंतूंभोवती पेशींचे जे कडे पडते ते टिकवून ठेवण्याचे काम टीएनएफ करते. औषधाने ते रोखले की वर्षानुवर्षे आत कोंडलेले जंतू बाहेर पडू शकतात. अमेरिकेत २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांमधील क्षयाच्या ७० नोंदी एकत्रितपणे प्रसिद्ध झाल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना क्षय फुप्फुसाबाहेर झाला होता आणि बहुतेकांत तो उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांतच दिसला होता.

कुटुंबाला उत्तर देताना ते असे दिले गेले : हे इंजेक्शन बी२७ ला हात लावत नाही. ते जनुक जसेच्या तसे राहील आणि त्याचा विषाणूंविरुद्ध जो काही उपयोग आहे तो टी-पेशींमार्फत होतो. क्षयाविरुद्ध बी२७ उपयोगी पडते असे दिसलेले नाही. चिंता करायचीच असेल तर ती प्लेगची नको; रुग्ण दहा-अकरा वर्षांचा असताना ज्या आजीच्या खोलीत झोपत होता आणि जिला तेव्हा थुंकीतून जंतू जाणारा क्षय झाला होता, तिची आठवण ठेवा. यावर खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही. आजीचा आजार सर्वांना माहीत होता, पण तो नातवाच्या पाठीच्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेला नव्हता.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय आहे तसेच चालू ठेवण्याचा होता. वेदनाशामक गोळ्या, व्यायाम आणि अधूनमधून डोळ्याची तपासणी. खर्च कमी, क्षयाचा धोका नाही. पण सहा वर्षांत मान धरली होती, चुलत्यांची पाठ समोरच होती, आणि या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्याने मूत्रपिंडावर आणि जठरावर होणारा परिणामही हिशेबात धरायचा होता. सल्फासॅलाझीनचा विचार लगेच बाजूला पडला, कारण ते हातापायांच्या सांध्यांना लागू पडले तरी कण्याला पडत नाही.

टोफासिटिनिबच्या गोळ्यांचा पर्याय घरच्यांना आवडला, कारण त्या तोंडाने घ्यायच्या आणि भारतीय बनावटीच्या असल्याने परवडणाऱ्या. पण क्षयाची तपासणी त्यांच्या आधीही लागतेच, नागिणीचा धोका वाढतो, आणि तज्ज्ञांचा कल आधी टीएनएफरोधक वापरून पाहण्याकडे होता.

खरी घासाघीस इंजेक्शनांच्या निवडीवर झाली. क्षयाचा धोका सर्वांत कमी हवा असेल तर इंटरल्यूकिन-१७ रोखणारे सेक्युकिनुमॅब बरे. टीएनएफरोधकांमध्ये एटानरसेप्टमुळे हा धोका अॅडालिमुमॅबपेक्षा कमी असतो. मात्र रुग्णाचा डोळा एकदा सुजून गेला होता, आणि युव्हिआयटिस पुन्हा होऊ नये यासाठी या दोन्ही औषधांचा भरवसा अॅडालिमुमॅबइतका नाही. म्हणजे डोळा एकीकडे ओढत होता आणि आजीचा क्षय दुसरीकडे. तज्ज्ञांनी असा विचार केला की क्षयाचा धोका आधी शोधता येतो आणि प्रतिबंधक औषधाने बराच कमी करता येतो, डोळ्याच्या पुढच्या झटक्याला मात्र असा आगाऊ बंदोबस्त नाही. हा युक्तिवाद मला पटला. तरी रुग्ण नियमित तपासणीला येईल या गृहीतकावर तो उभा होता, आणि चार महिने न फिरकलेल्या रुग्णाच्या बाबतीत ते गृहीतक कच्चे होते. त्यामुळे पाठपुराव्याची जबाबदारी चुलतभावाने घ्यावी असे सुचवले गेले. त्याने ती आनंदाने घेतली.

घेतलेले निर्णय

प्रथम मांटू, म्हणजे क्षयाच्या संसर्गाची त्वचेवरची चाचणी झाली. तिसऱ्या दिवशी हातावर १४ मिलिमीटरचा टणक फुगवटा मोजला गेला. नुसती लाली मोजायची नसते, पेनाच्या टोकाने कडा शोधून फुगवटाच मोजायचा असतो, आणि आमच्या परिचारिका ते काळजीपूर्वक करतात. लहानपणच्या बीसीजीमुळे मांटू चुकीचा कौल देऊ शकते म्हणून इग्रा ही रक्तचाचणीही केली. तीही पॉझिटिव्ह आली. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. ताप, खोकला, वजन घटणे यांपैकी काही नव्हते. दोन महिन्यांच्या अर्धवट एकेटीमुळे प्रश्न थोडा गुंतला होता, कारण प्रतिबंधासाठी एकटे आयसोनियाझिड देण्याआधी सक्रिय क्षय नाही याची खात्री हवी. अन्यथा जंतू त्या औषधाला दाद देईनासे होण्याची भीती असते. या सांध्यांच्या दोन्ही एमआरआयच्या फिल्म क्ष-किरणतज्ज्ञांनी शेजारी शेजारी लावून पाहिल्या. गळू नाही, हाड पोखरल्याची खूण नाही, आणि आता सूज दोन्ही बाजूंना आहे, असा त्यांनी लेखी अभिप्राय दिला. त्यानंतरच सुप्त क्षय, म्हणजे जंतू शरीरात दबून आहेत पण आजार नाही, असे निदान लिहिले गेले.

हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या चाचण्या निगेटिव्ह होत्या. आयसोनियाझिड ३०० मिलिग्रॅम आणि सोबत पायरिडॉक्सिन (ब६ जीवनसत्त्व), रोज, सहा महिने, असा क्रम ठरला. टीएनएफरोधक औषधे सुरू करणाऱ्यांना क्षयप्रतिबंधक उपचार देण्याची तरतूद राष्ट्रीय क्षयरोग दुरीकरण कार्यक्रमाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे, त्यामुळे गोळ्या सरकारी केंद्रातून मिळाल्या. गोळ्या सुरू होऊन एक महिना झाल्यावर, यकृताच्या चाचण्या ठीक असल्याचे पाहून, अॅडालिमुमॅब ४० मिलिग्रॅम दर पंधरा दिवसांनी सुरू झाले. भारतीय बनावटीची बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधाशी मिळतीजुळती औषधे, २०१४ च्या अखेरीपासून उपलब्ध आहेत, म्हणून हा विचार तरी करता आला. तरीही खर्च बागेच्या उत्पन्नाला जाणवणारा होता, आणि पहिल्या काही इंजेक्शनांचे पैसे बेदाण्याच्या सौद्यावर अवलंबून होते.

बहिणीच्या चाचणीबाबत निर्णय वेगळा लागला. तिला कोणताही त्रास नव्हता. चाचणी पॉझिटिव्ह आली असती तरी आज द्यायचे असे कोणतेही औषध नव्हते, आणि निगेटिव्ह आली असती तरी पाठ दुखली की दाखवायला यावेच लागले असते. बी२७ आई-वडिलांपैकी एकाकडून मिळते आणि प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते, हे समजावताना वडिलांकडे बोट दाखवणे ओघानेच आले. थोरल्या भावाची पाठ वाकलेली, मुलाला आजार, म्हणजे बहुधा वडिलांतही बी२७ आहे, आणि ते साठीच्या घरात रोज बागेत राबत आहेत. कोणत्याही आकड्यापेक्षा हे जास्त पटले. बहिणीशी स्वतंत्रपणे, घरच्यांना बाहेर बसवून, बोलणे झाले. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त टिकणारे पाठीचे आखडणे, टाचेचे हट्टी दुखणे, लाल होऊन उजेड न सोसणारा डोळा, यांपैकी काही झाले तर लगेच यायचे, एवढे तिला सांगितले. चाचणी नको असे तिने स्वतः ठरवले. स्थळाला काय सांगायचे या प्रश्नाला, जो आजार तिला नाही तो सांगण्याचा प्रश्नच येत नाही, असे उत्तर दिले गेले आणि वडिलांना ते पुरले.

परिणाम

तीन महिन्यांत सकाळचे आखडणे वीस मिनिटांवर आले आणि सीआरपी सामान्य पातळीला उतरले. मान जितकी धरली होती तितकीच राहिली. तिची हालचाल परत येईल असे आश्वासन कोणी दिलेही नव्हते. त्या ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो पुन्हा मंडपाखाली कामाला लागला, पण विरळणी अर्धा दिवसच करतो.

मध्ये एक कसोटीचा प्रसंग आला. आयसोनियाझिड चालू असतानाच, बेदाण्याच्या हंगामात, रुग्णाला कोरडा खोकला सुरू झाला आणि तो दोन आठवडे टिकला. अॅडालिमुमॅब घेणारा, सुप्त क्षयाचा रुग्ण आणि दोन आठवड्यांचा खोकला. अशा वेळी कारण कितीही साधे वाटले तरी शोध पुरा घ्यावा लागतो. पुढचे इंजेक्शन थांबवले. छातीचा एक्स-रे पूर्वीसारखाच होता, थुंकीतील क्षयजंतू शोधणारी सीबीनॅट चाचणी निगेटिव्ह आली, वजन स्थिर होते. मग कामाविषयी खोदून विचारले तेव्हा समजले की, बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी दिली जाते त्या बंदिस्त खोलीत यंदा मजूर कमी असल्याने तोच आत-बाहेर करत होता. ते काम दुसऱ्याकडे दिल्यावर आठ दिवसांत खोकला गेला आणि इंजेक्शन पुन्हा सुरू झाले. या थांब्यात पाठ थोडी आखडली, पण डोळा शाबूत राहिला.

आयसोनियाझिडचा सहा महिन्यांचा क्रम पूर्ण झाला. चुलत्यांनी स्वतःचा एक्स-रे काढून घेतला, तेव्हा मणके एकमेकांना जुळून कणा बांबूसारखा सलग झालेला दिसला. त्यांना आता औषधाचा फारसा उपयोग नव्हता. पडल्यास मणका मोडण्याचा धोका मात्र समजावून सांगितला गेला, आणि त्यांनी मोटारसायकल सोडली.

वेगळे काय करता आले असते

उशीर सर्वाधिक झाला तो पहिल्या टप्प्यात. चाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली आणि विश्रांतीने वाढणारी कंबरदुखी गादीच्या नावावर टाकण्याआधी दोन प्रश्न जास्त विचारायला हवे होते. विश्रांतीच्या सल्ल्याने या रुग्णाचे प्रत्यक्ष नुकसान झाले.

नमुना न घेता सुरू केलेल्या एकेटीबद्दल माझे मत कडक नाही. क्षय सर्रास आढळणाऱ्या भागात डॉक्टरला तो आधी आठवणे बरोबरच आहे. पण औषध सुरू करताना निदान किती अनिश्चित आहे हे कागदावर लिहिले असते आणि दोन महिन्यांनी फेरविचाराची तारीख दिली असती, तर औषध परस्पर बंद झाले नसते आणि पुढे सुप्त क्षयाचा निर्णयही सोपा गेला असता.

बी२७ चा अहवाल आधी फोनवर गेला आणि त्याचे स्पष्टीकरण नंतर आले. जनुकीय चाचणीचा अहवाल आणि त्यावरची चर्चा एकाच दिवशी व्हावी, असा बदल या प्रकरणानंतर आमच्या विभागात केला आहे; अहवाल आता रुग्ण समोर बसलेला असतानाच उघडला जातो. क्षयाच्या संपर्काबद्दलचा प्रश्नही जैविक औषधाची वेळ येईपर्यंत न थांबता पहिल्याच भेटीत विचारला जातो आणि तो ‘घरात कोणाला टीबी झाला होता का’ एवढ्यावर न थांबता ‘लहानपणी कोणाजवळ झोपत होता’ इथपर्यंत नेला जातो.

औषधाच्या निवडीवर आजही दोन मते होऊ शकतात. डोळ्याचा झटका एकदाच आला होता. अशा वेळी सेक्युकिनुमॅबने सुरुवात करून डोळ्यावर लक्ष ठेवणे हाही समंजस मार्ग ठरला असता, विशेषतः रुग्ण तपासणीला नियमित येईल याची खात्री नसताना. खोकल्याच्या प्रसंगी हा प्रश्न पुन्हा चर्चेला आला आणि तज्ज्ञांनी आहे तेच औषध चालू ठेवले.

सध्या प्रश्न इंजेक्शनांतील अंतराचा आहे. आजार शांत असल्याने पंधरा दिवसांऐवजी तीन आठवड्यांनी इंजेक्शन घेऊन पाहावे, असा रुग्णाचा आग्रह आहे आणि त्यामागे खर्चाचे कारण आहे. सीआरपी आणि सकाळच्या आखडण्याची नोंद पाहून पुढच्या हंगामाच्या शेवटी ते ठरेल. मांटू आणि इग्रा एकदा पॉझिटिव्ह आल्यावर पुन्हा करून काही कळत नाही. त्यामुळे प्रत्येक भेटीत ताप, खोकला, वजन आणि रात्रीचा घाम विचारणे आणि गरज वाटल्यास एक्स-रे काढणे, एवढाच क्षयावरचा पहारा चालू आहे. तारखांची वही चुलतभावाकडे असते.